कोल्हापूरहून अगत्तीला: लक्षद्वीपच्या छोट्या विमानतळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरी उलटली की कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज आणि सांगलीकडून लक्षद्वीपविषयी विचारणा सुरू होते. शिमगा झाला की मे महिन्याच्या सुट्टीसाठी तेच प्रश्न पुन्हा येतात. गेल्या काही हंगामांत जे प्रश्न सर्वांत जास्त वेळा आले, ते येथे एकत्र केले आहेत. अगत्तीची धावपट्टी आखूड आहे आणि तिकीट, सामान, परतीचा दिवस यांविषयीच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे, म्हणून घाई असली तरी प्रश्न ३ चे उत्तर सर्वांनी वाचावे. विमानांची वेळापत्रके आणि परवान्याचे शुल्क बदलत राहते. ते आरक्षणाच्या दिवशी तपासून घ्यावे.

१. अगत्ती नेमके कुठे आहे, आणि लक्षद्वीपला विमानाने जायचे तर तिथेच का उतरावे लागते?

अगत्ती हे कोचीच्या पश्चिमेला सुमारे ४५९ किलोमीटरवर अरबी समुद्रात असलेले प्रवाळबेट आहे. लांबी साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि रुंदी सर्वांत फुगीर ठिकाणीही जेमतेम एक किलोमीटर. लक्षद्वीपमध्ये लोकवस्ती असलेली दहा बेटे आहेत, परंतु प्रवासी विमान उतरू शकेल अशी धावपट्टी फक्त अगत्तीवर आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेला हा विमानतळ १९८८ साली सुरू झाला आणि आरंभी तिथे डॉर्निअर जातीची लहान विमाने येत असत. राजधानी कवरत्ती असली, तरी हवाईमार्गे येणाऱ्या पर्यटकाचे पहिले पाऊल अगत्तीवरच पडते आणि पुढचा प्रवास बोटीने करावा लागतो.

२. मुलांच्या शाळा मे महिन्यात सुटतात. तेव्हा गेले तर चालेल का?

मेच्या पहिल्या आठवड्यात परत येणार असाल तर चालेल. त्यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा आहे. १५ मेच्या सुमारास समुद्र खवळू लागतो आणि तिथपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बोटींच्या फेऱ्या फार कमी होतात. विमाने पावसाळ्यातही येतात, पण ढग खाली उतरले किंवा वारा आडवा झाला की फेरी रद्द होते, आणि लगूनमधले, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यातले पोहणे, स्नॉर्केलिंग, बोटीची सैर हे सारेच बंद पडते. आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणून मे अखेरपर्यंत वेळ आहे असे आपण धरून चालतो. तिकडे मात्र मोसमी वारे आधी पोहोचतात. दिवाळीची सुट्टी आणि जानेवारी-फेब्रुवारी हा काळ सर्वांत निर्धास्त.

३. धावपट्टी लहान आहे म्हणजे किती लहान, आणि त्याने आम्हा प्रवाशांना काय फरक पडतो?

अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांब आहे. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी १,९०० मीटरहून अधिक आहे. मुंबई किंवा बंगळूरची तर अगत्तीच्या जवळपास तिप्पट किंवा त्याहून लांब. अगत्तीला पट्टीच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे. उतरताना खिडकीतून पाहिले तर शेवटच्या क्षणापर्यंत निळे-हिरवे पाणीच दिसते, आणि चाके टेकल्याचा धक्का बसल्यावर मग नारळाची झाडे मागे पळताना दिसतात. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण तेव्हा आर्मरेस्ट घट्ट धरून बसलेले असतात. घाबरण्याचे कारण नाही. एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान आखूड पट्टीसाठी योग्य आहे आणि म्हणूनच येथे तेच येते. बोइंग किंवा एअरबस जातीची जेट विमाने येथे उतरू शकत नाहीत.

खरा परिणाम उतरण्यापेक्षा उड्डाणावर होतो. विमान जितके जड, तितकी त्याला धावायला लांब पट्टी लागते, आणि उन्हात हवा विरळ झाली की ती गरज आणखी वाढते. त्यातच आसपास दुसरा विमानतळ नसल्यामुळे, उतरता आले नाही तर थेट मुख्य भूमीवर परतता येईल इतके इंधन विमानाला सोबत बाळगावे लागते, आणि त्या इंधनाचेही वजन असते. त्यामुळे विमानात सत्तरच्या आसपास आसने असली तरी अगत्तीहून निघताना सगळी विकली जातीलच असे नाही. कधी आसने रिकामी ठेवतात, कधी काही बॅगा मागे ठेवतात. जाण्याचे तिकीट मिळते आणि येण्याचे मिळत नाही, ही तक्रार ज्यांनी ज्यांनी केली, त्यांना कारण हेच सांगावे लागले. परतीचे तिकीट आधी शोधावे आणि त्यानुसार जाण्याची तारीख ठरवावी.

४. कोल्हापूरहून अगत्तीला जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता?

थेट विमान नाही. तीन मार्ग लोक वापरतात.

पहिला कोचीमार्गे. अगत्तीची विमानसेवा पूर्वापार कोचीशी जोडलेली आहे आणि तिथून सुमारे सव्वा ते दीड तास लागतो. कोचीला पोहोचण्यासाठी पुण्याहून एर्नाकुळमला जाणारी साप्ताहिक पूर्णा एक्सप्रेस मिरजेला मिळते. विमानाने जाणारे बंगळूर किंवा मुंबईमार्गे जातात. दुसरा बंगळूरमार्गे, २०२४ पासून इंडिगोने बंगळूर-अगत्ती सेवा सुरू केली. तिसरा गोव्यातील मोपामार्गे. त्याच वर्षी फ्लाय९१ या कंपनीने गोव्याहून अगत्तीला विमाने सुरू केली. या फेऱ्या रोज असतातच असे नाही, म्हणून आधी अगत्तीच्या फेरीचे दिवस पाहावेत आणि मग बाकीचा प्रवास त्याला जोडावा.

गाडीने निघणाऱ्या कुटुंबाला मोपा बरे पडते: निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असे गेले की साधारण चार-साडेचार तासांत विमानतळ येतो. तरीही सकाळचे विमान असेल तर आदल्या रात्री सावंतवाडीला किंवा बांद्याला मुक्काम करावा. आंबोली घाटात धुके असले की हिशेबातला सगळा वेळ तिथेच जातो.

५. आमच्या तिकिटावर नुसते ‘गोवा’ लिहिले आहे. कोणत्या विमानतळावर जायचे?

गोव्यात दोन विमानतळ आहेत: उत्तरेला पेडणे तालुक्यातील मोपा आणि दक्षिणेकडे वास्कोजवळचे दाबोळी. मोपाचा संकेत जीओएक्स, तर दाबोळीचा जीओआय. दोघांमध्ये रस्त्याने दीड तासाच्या आसपास अंतर आहे आणि चूक विमानतळावर गेल्यावर कळली, तर विमान मिळत नाही. संकेताची अक्षरे तिकिटावर वाचूनच चालकाला पत्ता सांगावा.

६. आपल्याच देशात जायला परवाना का लागतो?

लक्षद्वीपच्या बाहेरून तेथे सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागतो. तेथील मूळ रहिवाशांच्या आणि जमिनीच्या संरक्षणासाठी १९६७ साली केलेल्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांत ही तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसे, त्यांचे गोडे पाणी वाळूखालच्या पातळ थरात, आणि प्रत्येक भाजी, औषध, सिमेंटचे पोते समुद्रावरून येणारे. किती पाहुणे एका वेळी झेपतील याला तिथे खरोखरच मर्यादा आहे आणि हा निर्बंध मला पूर्णपणे योग्य वाटतो.

अर्ज ऑनलाइन होतो. पर्यटकाला तो सहसा मान्यताप्राप्त पर्यटनसंस्थेमार्फत किंवा ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्या बेटवासी यजमानामार्फत करावा लागतो. ओळखपत्र, छायाचित्र आणि मुक्कामाचा तपशील जोडावा लागतो. लहान मुलांची नावेही त्यात हवीत. किमान एक महिना आधी अर्ज करावा. हाती परवाना नसताना परत न मिळणारे तिकीट काढणे हा सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा आहे.

७. परवान्याच्या अर्जासाठी पोलिसांचा दाखला कुठून आणायचा?

त्याला आपल्याकडे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र म्हणतात. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि पडताळणी आपण राहता त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडून होते. आधारवरचा पत्ता जुना असेल, म्हणजे आधार शाहूवाडीचे आणि राहणे राजारामपुरीत असे असेल, तर राहत्या पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवावा. बहुतेकांचे दिवस तिथेच जातात.

८. मी सरकारी नोकरीत आहे. मलाही परवाना लागेल का?

सुट्टीवर जात असाल तर लागेल. सूट असते ती सरकारी कामासाठी तेथे जाणाऱ्यांना. ओळखपत्र खिशात असले म्हणून खासगी सहलीला ती लागू होत नाही.

९. परवाना बंगाराम बेटाचा आहे. एक रात्र अगत्तीत राहिलो तर चालेल का?

परवान्यावर ज्या बेटांची नावे आहेत, तेथेच राहता येते. बंगारामला जाणारा प्रवासी अगत्तीला उतरतो आणि बोटीने पुढे जातो, तेवढे ठीक. मुक्काम करायचा असेल तर अर्जातच अगत्तीचे नाव घालावे. समुद्र खराब असल्याने बोट सुटली नाही, असे होऊ शकते. म्हणून बंगारामला जाणाऱ्यांनीही दोन्ही नावे घालावीत असे मी सुचवतो. परवान्याच्या दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण पोहोचल्यावर त्याची नोंद होते.

१०. सामान किती नेता येते?

लहान विमानांत सामान्यतः १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले, असा नियम असतो. आपल्या तिकिटावरचा आकडा अंतिम मानावा. जास्तीचे पैसे भरले म्हणजे बॅग त्याच विमानाने जाईल असे अगत्तीच्या बाबतीत समजू नये. कारण प्रश्न ३ मध्ये आले आहे.

मी स्वतः हे भोगले आहे. एकदा परतताना माझी बॅग मागे राहिली आणि ती हाती येईपर्यंत दोन दिवस गेले. बॅगेत ओले कपडे होते, त्यांचे काही वाटले नाही; पण सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातच ठेवल्या होत्या आणि कोचीत रात्री साडेनऊला, चिठ्ठी जवळ नसताना, औषधांचे दुकान शोधत फिरावे लागले. तेव्हापासून औषधे, चिठ्ठ्या, परवाना, चार्जर आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवतो, आणि सोबतच्या प्रत्येकाची पिशवी निघण्यापूर्वी उघडून पाहतो.

११. घरची चटणी, लोणचे, ओटीचा नारळ नेता येईल का?

आपल्याकडे जिला नुसती ‘चटणी’ म्हणतात, ती कांदा-लसूण तिखटाची डबी हातातल्या पिशवीत चालत नाही. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. तिखट पूड आणि लोणचे चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावे. सुके खोबरे आणि सुका नारळ मात्र कुठल्याच बॅगेत ठेवू नये. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरले जाते. अंबाबाईच्या दर्शनाहून थेट निघालेल्या एका कुटुंबाला प्रसादाचा नारळ विमानतळावर ठेवून जावा लागला होता आणि त्या माउलीचा चेहरा मला अजून आठवतो. नारळ घरी देवापुढे ठेवून निघावे.

दशम्या, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू नेण्यास अडचण नाही.

१२. आम्ही जैन आहोत. जेवणाची सोय होईल का?

शाकाहारी जेवण मिळते, मात्र आधी कळवावे लागते. बेटावरचे रोजचे जेवण भात, ट्यूना मासा आणि खोबरे यांभोवती असते. भाज्या मुख्य भूमीवरून येतात आणि बोट उशिरा आली तर निवड कमी होते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असेल आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल, तर हे सगळे मुद्दे मुक्काम ठरवतानाच यजमानाला लेखी कळवावेत. पहिल्या दिवसाचे खाणे घरून न्यावे. चातुर्मासाचा बराचसा काळ पावसाळ्यात येतो आणि तेव्हा तिकडचा हंगामही बंद असतो. दिवाळीची सुट्टी मात्र चातुर्मासातच येते, तेव्हा जाणार असाल तर व्रताचे नियमही आधी कळवावेत.

१३. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी घरी लग्न आहे. वेळेत पोहोचू ना?

अशी आखणी करू नये. अगत्तीहून परतीचा दिवस आणि कोल्हापुरातले न टळणारे काम यांमध्ये किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवावेत. एक फेरी रद्द झाली की पुढच्या फेरीत आधीच प्रवासी बसलेले असतात आणि त्या फेरीतही सगळी आसने भरता येत नाहीत, त्यामुळे मागे राहिलेल्यांची रांग सावकाश संपते. तशीच काळजी पुढच्या विमानाची: अगत्ती-कोची आणि कोची-मुंबई ही दोन वेगवेगळी तिकिटे असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मध्ये एक रात्र ठेवावी.

१४. विमान रद्द झाले तर पैसे परत मिळतात का?

कंपनीने फेरी रद्द केली तर पर्यायी फेरी किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणासाठी त्यावर वेगळी भरपाई मिळत नाही. हॉटेलचे आणि पुढच्या तिकिटाचे नुकसान भरून निघावे असे वाटत असेल, तर प्रवासविमा काढावा आणि त्यात हवामानामुळे होणारा खोळंबा येतो की नाही हे वाचून घ्यावे.

१५. अडकून पडलो आणि परवान्याची मुदत संपली तर?

यजमानामार्फत किंवा स्वतः त्याच दिवशी पोलीस ठाण्याला कळवावे आणि फेरी रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश दाखवावा. त्याहून बरे म्हणजे अर्ज करतानाच नियोजित मुक्कामापेक्षा दोन-तीन दिवस जास्तीचे मागावेत.

१६. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा करून दुपारच्या विमानाने निघता येईल का?

नाही, आणि या बाबतीत कोणाचेही ऐकू नये. खोल पाण्यात श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी होतो आणि उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही त्यातून उद्भवते. एकच साधी बुडी असेल तर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास थांबावे, असे डायव्हिंगच्या वैद्यकीय मार्गदर्शनात सांगितले आहे. पूर्ण २४ तास सोडणे सर्वांत चांगले. स्नॉर्केलिंगला ही अट नाही, म्हणून शेवटची सकाळ त्यासाठी ठेवावी.

१७. आईला जिने चढवत नाहीत. विमान बरे की बोट?

विमान. कोचीहून बोटीला साधारण १४ ते १८ तास लागतात आणि अनेक बेटांजवळ मोठी बोट बाहेरच्या खोल पाण्यात थांबते. तिथून हलत्या लहान होडीत उतरावे लागते. खलाशी हात देतात, तरी गुडघे दुखणाऱ्याला ते कठीण जाते. एटीआर विमानाचे दार जमिनीपासून फार उंच नसते आणि पायऱ्या थोड्याच असतात. अगत्तीला एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा पूल, नाही. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकिटाबरोबरच, किंवा किमान ४८ तास आधी, नोंदवावी.

१८. अगत्तीहून कवरत्तीला हेलिकॉप्टरने जाता येते असे ऐकले.

हेलिकॉप्टर आहे, पण त्यावर पहिला हक्क रुग्णांचा आणि शासकीय कामाचा आहे. पर्यटकाने बोटीचाच विचार करावा.

१९. आठवण म्हणून शंख किंवा प्रवाळाचा तुकडा आणला तर?

आणू नये. प्रवाळ, मग तो किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरी, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, आणि शंखांच्या अनेक जातीही. परतताना बॅग तपासली जाते. हे बेट मुळात प्रवाळाचाच ढीग आहे आणि लाटांपासून त्याला वाचवते तेही प्रवाळच. आणायचेच असेल तर खोबऱ्याची आणि गुळाची मिठाई आणावी, किंवा सुकवलेला ट्यूना, ज्याला तिकडे ‘मास’ म्हणतात. तो हवाबंद बांधून घ्यावा, नाहीतर घरापर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो. सुक्या खोबऱ्याबद्दल प्रश्न ११ पाहावा.

२०. दारू, पोशाख याबाबत काही नियम?

लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. बंगारामच्या रिसॉर्टपुरती सवलत आहे. सोबत बाटली नेऊ नये. अगत्तीवर जवळजवळ सर्व लोक मुस्लीम आहेत, म्हणून गावातून जाताना अंगभर कपडे घालावेत आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने, रिक्षा बंद असतील हे धरून चालावे.

२१. आमचा कुत्रा सोबत आणता येईल का?

येत नाही. लक्षद्वीपमध्ये कुत्रे नाहीत आणि नेण्यास मनाई आहे.

२२. फोन आणि पैसे?

जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून आलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारले आहे. तरीही तिकीट आणि परवाना कागदावर छापून न्यावा. पुरेशी रोकड सोबत ठेवावी.

२३. तिकीट पक्के असताना वजनामुळे जागा सोडा असे सांगितले तर काय करावे?

नियमानुसार कंपनीने आधी स्वेच्छेने जागा सोडणारे विचारायचे असतात. कोणी पुढे आले नाही आणि तुम्हाला उतरवले, तर पुढची फेरी, मुक्काम आणि भरपाई यांबाबत काउंटरवरच लेखी मागावे. घरी परतल्यावर पाठपुरावा करणे अवघड जाते. वजनाचे कारण प्रत्येक वेळी भरपाईस पात्र ठरेलच असे नाही, त्यामुळे कागदावर कोणते कारण लिहिले आहे ते पाहावे.

मात्र एक वेगळा प्रसंगही येतो. याच विमानाने बेटावरची माणसे कोचीला तपासणीसाठी, शस्त्रक्रियेसाठी, बाळंतपणासाठी जातात. एका फेब्रुवारीत पिवळ्या चादरीत गुंडाळलेले लेकरू घेऊन एक बाप काउंटरपाशी उभा होता आणि आसने संपली होती. आमच्या गटातल्या कागलच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपला बोर्डिंग पास काउंटरवर ठेवला आणि ते दोन दिवसांनंतरच्या विमानाने आले. असे करायचे झाल्यास कंपनीकडून नव्या फेरीचे पक्के तिकीट हातात आल्याशिवाय आपला पास देऊ नये, चेक-इन केलेली बॅग उतरवून घ्यावी, आणि परवान्याच्या मुदतीसाठी प्रश्न १५ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवावे.